अलाइनमेंटनंतर गाडी सांध्यांवर उडायला लागली: सात महिन्यांनंतरचा अनुभव

फेब्रुवारीत चाकांचं अलाइनमेंट करून आणलं आणि दुसऱ्याच दिवशी फ्रीवेवर घाम फुटला. गाडी नऊ वर्षं जुनी हॅचबॅक, 71,000 किलोमीटर झालेली. मी मुलुंडहून फोर्टला आठवड्यातून दोन-तीनदा जातो, म्हणजे आधी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि पुढे ईस्टर्न फ्रीवे. सपाट डांबरावर गाडी झकास, स्टिअरिंग सैल सोडलं तरी सरळ जायची. पण फ्रीवेवर पुलाचा सांधा आला की पुढचं तोंड डावीकडे टुणकन उडायचं. मी सावरायला जावं तोवर ते आपलं आपण परत आलेलं असायचं, मग माझं सावरणंच जास्त होऊन गाडी उजवीकडे झुकायची. साठच्या वर न्यायची हिंमत होईना. बायको शेजारी छताजवळचं हँडल धरून बसायची आणि काही बोलायची नाही, ते जास्त वाईट.

आधी असं नव्हतं, त्यामुळे दोष अलाइनमेंटवाल्याचा, हे मी ठरवूनच टाकलं होतं. परत गेलो. त्यांनी पैसे न घेता पुन्हा मशीनवर चढवली, कागद काढून दिला. टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते, दोन्ही बाजूंना हिरवा, म्हणजे ठीक. कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा झुकाव, तोही हिरवा. डाव्या कॅस्टरची, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या पुढे-मागे कलाची, ओळ तेवढी लाल होती. "ते या गाडीत अ‍ॅडजस्ट होत नाही साहेब, सोडा," असं ऐकून मीही सोडलं. तिथेच चुकलो.

आमच्या सोसायटीत बेस्टच्या डेपोतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक काका आहेत. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. "आधी हवा बघ. ती फुकट असते." दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर पुढे 30 लिहिलंय, आणि टायरमध्ये निघाली 38. अलाइनमेंटच्या वेळी भरली होती, बहुतेक दिसेल त्या गाडीला तेवढीच. टायर इतका टणक असला की सांध्याचा दणका तो स्वतः गिळत नाही, सगळा पुढे ढकलतो. 30 वर आणल्यावर उडी कमी झाली, गेली नाही.

मग काका सतरंजी टाकून खाली गेले. गाडी जमिनीवरच, चाकांवर वजन असतानाच. मी आत बसून स्टिअरिंग थोडंसं डावं-उजवं हलवायचं, इंजिन चालू नाही, आणि ते टाय रॉड एंडच्या, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या, सांध्यावर अंगठा ठेवून बघणार. डाव्या एंडमध्ये त्यांना किंचित खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागला. कानाला काही येत नव्हतं, बोटालाच कळत होतं. शिवाय रॉडची लांबी पक्की धरणाऱ्या लॉक नटाच्या बाहेर दिसणारे आटे मोजायला लावले: डावीकडे नऊ, उजवीकडे पंधरा. म्हणजे सगळी टो एकाच बाजूचा रॉड फिरवून जुळवली होती आणि वाकडं झालेलं स्टिअरिंग काढून सरळ बसवून दिलं होतं. उभ्या गाडीचे आकडे यानेही हिरवेच येतात. पण दोन रॉडची लांबी वेगळी झाली की चाक वर-खाली होताना दोन्ही बाजू सारख्या वळत नाहीत.

खरा चोर मात्र पुढे निघाला. चाकं हवेत आल्यावर त्यांनी चाकाला खालून धरणाऱ्या डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशजवळ (बुश म्हणजे आर्म जोडणारा रबरी तुकडा) टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून रेटा दिला आणि मला टॉर्च धरायला सांगितलं. रबर मधल्या लोखंडी नळीपासून अर्ध्याहून जास्त सुटलेलं होतं. एरवी ते मिटून बसलेलं असतं, वरून बघितलं तर धूळ खाल्लेला साधा बुश. टॉमीने दाबलं की भेग तोंडासारखी उघडायची.

"आता काढ तो कागद," काका म्हणाले.

बुश गेला की आर्मचं टोक, आणि त्याबरोबर चाकाचा खालचा भाग, किंचित मागे सरकतो. खालचं टोक मागे म्हणजे कॅस्टर कमी. कागदावर डावा कॅस्टर उजव्यापेक्षा सव्वा डिग्रीने कमी होता. मशीनने बिचाऱ्याने सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. अ‍ॅडजस्ट होत नाही ही गोष्ट खरीच. पण जे अ‍ॅडजस्टच होत नाही ते आपोआप बदललं असेल, तर काहीतरी वाकलंय किंवा तुटलंय, एवढाच त्याचा अर्थ. सांध्यावर धक्का बसला की हे चाक आणखी मागे जायचं, टाय रॉड मात्र जागच्या जागी, म्हणून त्या क्षणापुरतं चाक वळायचं. फ्रीवेवरची उडी ती हीच.

मग अलाइनमेंटच्या आधी का नव्हतं? काकांचं म्हणणं मला पटलं. जुन्या आकड्यात टो-इन, म्हणजे चाकांची तोंडं आत वळलेली असणं, भरपूर होता, टायरच्या बाहेरच्या कडा त्यानेच खाल्ल्या होत्या. दोन्ही चाकं सतत एकमेकांविरुद्ध रेटत असल्यामुळे सगळा ढिलेपणा एका बाजूला ताणलेला राहायचा. टो शून्याजवळ आली, ताण गेला आणि ढिल्या जागा मोकळ्या झाल्या. आजार जुनाच, अलाइनमेंटने तो फक्त उघडा केला.

काम कुर्ल्याला सीएसटी रोडवर केलं. दोन्ही लोअर आर्म, दोन्ही टाय रॉड एंड, आटे दोन्हीकडे सारखे, वर नव्याने अलाइनमेंट, मजुरी धरून साडेसात हजार. नुसता बुश प्रेसवर बदलून स्वस्तात भागलं असतं, पण आर्मच्या टोकाचे बॉल जॉइंटही तेवढेच जुने, म्हणून पूर्ण आर्म घेतले. एक गोष्ट मी उभा राहून करून घेतली: बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी केल्यावर. जॅकवर लोंबत्या आर्मला आवळले तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मिस्त्रीने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग केलं.

आता सात महिने आणि जवळपास 8,000 किलोमीटर. मध्ये अख्खा पावसाळा गेला, उखडलेले पेव्हर ब्लॉक झाले आणि गणपतीला चिपळूणची एक फेरी झाली. मुंबई-गोवा महामार्गावर गाडी खड्ड्यात आपटली तरी तोंड सरळ राहतं. फ्रीवेवर सांधे आता फक्त ऐकू येतात. टायरची झीज दोन्ही कडांना सारखी आहे. नव्या कागदावर कॅस्टरचा फरक 0.2 डिग्री, मागच्या महिन्यात परत बघितलं तेव्हाही तेवढाच.

कुरकुरी आहेत. लहान खड्ड्यांना पुढून आधीपेक्षा टणक लागतं, नवं रबर मऊ पडेल म्हणाले होते, पडलेलं नाही. हायवेच्या डाव्या लेनमध्ये किंचित डावीकडे ओढते, पण रस्त्याचा उतारच तिकडे असतो, मधल्या लेनमध्ये ओढत नाही. आणि ऑगस्टपासून उजवीकडून बारीक टकटक येतेय. सस्पेन्शनचा लिंक रॉड असावा. काका म्हणाले, दिवाळीनंतर खाली जाऊन बघू, सध्या कंबर धरलीय त्यांची.