वारकऱ्यांची माळ की इस्कॉनची दीक्षा?

मटण-मासे-अंडी, दारू आणि परस्त्री दोन्हीकडे वर्ज्यच. त्यामुळे ‘कुठले नियम कडक’ एवढंच विचाराल तर उत्तर हाती लागणार नाही. फरक पडतो तो चहात, घड्याळात आणि घरच्यांत.

इस्कॉनच्या चार नियमांतल्या नशाबंदीत चहा-कॉफीही येते. दिंडीत पहाटेच्या चहाशिवाय पाऊल न उचलणाऱ्या माळकऱ्याला हे सांगून पाहा! कांदा-लसूणही तिथे बारमाही बंद. वारकऱ्यांत बरेच जण तो चातुर्मासापुरता सोडतात.

इस्कॉनची दीक्षा घेतली की रोज ‘हरे कृष्ण’ महामंत्राच्या 16 माळा. माळ 108 मण्यांची, म्हणजे 1,728 वेळा जप. सरावलेल्यालाही दीड-दोन तास लागतात. वारकऱ्याचा रोजचा हरिपाठ त्यामानाने लवकर आटोपतो. त्याची खरी बांधिलकी एकादशी आणि पंढरीची वारी. शेतात राबणाऱ्यांना झेपेल अशीच ही शिस्त आहे, त्यामुळे पाळीच्या नोकरीतही ती निभते.

सगळ्यात जास्त विचार करावा तो इस्कॉनच्या शरीरसंबंधांविषयीच्या नियमाचा. लग्नाच्या जोडीदाराशीही संबंध फक्त संततीसाठी, असा त्याचा अर्थ तिथे लावतात. शपथ एकाने घ्यायची आणि पाळायची दोघांनी! जोडीदाराशी मोकळेपणाने बोलल्याशिवाय या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वारकरी पंथ परस्त्री मातेसमान मानायला सांगतो आणि तिथे थांबतो. एकनाथ, तुकोबा संसारीच होते.

माळ घेणं सोपं. ज्ञानेश्वरीवर ठेवलेली तुळशीची माळ महाराजांच्या हातून गळ्यात पडली की झालात माळकरी. इस्कॉनमध्ये सहसा किमान वर्षभर नियम पाळून दाखवावे लागतात, शिफारस लागते, मग अग्नीसमोर दीक्षा आणि नवं नाव.

पुढे लक्ष कोण ठेवणार, हेही बघा. गावात ‘माळकरी असून असं?’ हा एक टोमणा पुरतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये तो कोण मारणार? एकटे राहत असाल आणि धाक लागत असेल, तर इस्कॉनची नियमित विचारपूस कामी येते. घरात वारी असेल, तर मी माळच सुचवेन.

दीक्षेआधी जप करायला कुणाची आडकाठी नसते. महिनाभर इस्कॉन मंदिरात पहाटेच्या मंगल आरतीला जाऊन बघा. माळ मात्र एकदा घातली की काढायची नसते, तेव्हा आधी एक आषाढी चालून या.