जास्वंदीच्या मिलीबगवर क्रिप्टोलेमस भुंगेरे मागवले, त्याचा अनुभव

आमच्या गच्चीवर अकरा जास्वंदी आहेत, देवाला रोजचं फूल घरचंच असतं. पण गेली दोन वर्षं फेब्रुवारी लागला की मिलीबग, म्हणजे रस शोषणारा पिठ्या ढेकूण, ठरलेलाच. शेंडे आखडतात, कळ्या उमलायच्या आत गळतात, पानांवर चिकटा आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी. साबणाचं पाणी झालं, नीमतेल झालं, दुकानातलं औषध पण मारून झालं, पण हा किडा मेणचट पांढऱ्या पावडरीखाली बसतो आणि आखडलेल्या पानाच्या आत फवारा पोचतच नाही, त्यामुळे पंधरा दिवसांत परत जैसे थे.

माझ्या भावाची सासवडजवळ सीताफळाची बाग आहे, तो मिलीबग खाणारा क्रिप्टोलेमस नावाचा भुंगेरा सोडतो, एकरी ६००. मूळचा ऑस्ट्रेलियाचा ढालकिडा, १८९८ साली कॉफीच्या मळ्यांसाठी भारतात आणलेला. लॅबमध्ये लाल भोपळ्यावर आधी मिलीबग वाढवतात आणि त्यावर हे पोसतात. त्याच्या सांगण्यावरून एका खासगी लॅबमधून ५० मागवले.

पहिलं पार्सल शुक्रवारी निघालं, शनिवार-रविवार कुठेतरी गोडाऊनमध्ये पडून राहिलं आणि मंगळवारी हातात आलं तेव्हा डबीत निम्मेअधिक मेलेले. फोटो पाठवल्यावर त्यांनी वाद न घालता दुसरी डबी पाठवली, ती सोमवारी निघाली आणि बुधवारी आली, जवळपास सगळे जिवंत. तेव्हा मागवताना सोमवारीच पाठवा असं आधीच सांगून ठेवा.

भुंगेरा जेमतेम चार मिलिमीटरचा, पाठ काळी चकचकीत, डोकं आणि पाठीचं टोक नारिंगी. संध्याकाळी ऊन उतरल्यावर सोडले, प्रत्येक झाडावर चारपाच. ब्रशवर घेऊन थेट मिलीबगच्या पुंजक्यावर ठेवले, एक तर ठेवल्या ठेवल्या त्या कापसात डोकं घालून खायलाच लागला, मी टॉर्च धरून दहा मिनिटं तिथेच उभी होते.

आता माझी खरी तक्रार. दहाबारा दिवसांनी बघते तर फांद्यांवर अजून मोठे, अजून लोंबत्या मेणाच्या दोऱ्यांचे पांढरे किडे. मला वाटलं मिलीबग दुप्पट झाला. जुना टूथब्रश घेऊन दोन झाडं घासून काढली, मग भावाला व्हिडिओ पाठवला, तो ओरडलाच, "ताई, मारू नको गं, ती आपलीच पोरं हायेत!" क्रिप्टोलेमसच्या अळ्या हुबेहूब मिलीबगसारख्या दिसतात, आणि डबीबरोबर आलेल्या कागदावर याबद्दल एक ओळ नव्हती. खाण्याचं मोठं काम या अळ्याच करतात, मी पंचवीसतीस तरी मारल्या असतील, अजून वाईट वाटतं. फरक ओळखायचा तर काडीने डिवचा. मिलीबग जागचा फारसा हलत नाही, अळी तुरुतुरु पळते, शिवाय पूर्ण वाढली की सेंटिमीटरच्याही वर जाते, मिलीबग तेवढा कधीच होत नाही. एक फोटो छापला असता तरी पुरलं असतं.

दुसरी गोष्ट मुंग्या. चिकट्यासाठी मुंग्या मिलीबगची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. मी खोडाला चिकटपट्टी गुंडाळून वर व्हॅसलीन लावलं, आणि भिंतीला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, नाहीतर तिकडून चढतात. ज्या झाडाची पट्टी दोन दिवस सुटलेली होती त्या झाडाचा मिलीबग जायला जास्त वेळ लागला. फवारणी मात्र आधीच बंद करावी लागते, नीमतेल पण नाही, हे त्या कागदावर होतं.

निकाल लागायला धीर लागतो. पहिल्या आठवड्यात काही कळत नाही. क्रिप्टोलेमसची मादी मिलीबगच्या अंड्यांच्या कापसातच आपली अंडी घालते, पाचसहा दिवसांत अळ्या निघतात, पुढचे दोनेक आठवडे त्या अंडी, पिल्लं, मोठे, जे मिळेल ते खात सुटतात. माझ्याकडे पाचव्या आठवड्यात नऊ झाडं स्वच्छ होती, नवी पालवी सरळ यायला लागली. उरलेली दोन म्हणजे ज्यांच्या अळ्या मी घासल्या ती, त्यांना अजून दोन आठवडे लागले.

एखाद्या कुंडीत चारदोन मिलीबग असतील तर हे मागवू नका, कापसाने पुसून टाका, कारण खायला नसलं की भुंगेरे उडून जातात. नुसता मावा असेल तरी यांच्या भरवशावर राहू नका, यांचं मुख्य खाणं मिलीबग. आणि मे महिन्याच्या कडक उन्हात सोडू नका.

आमचे आता गच्चीवर दिसत नाहीत, परवा खालच्या पेरूवर दोन दिसले, तिथेही मिलीबग आहे. वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय की त्या झाडावर फवारा मारू नका. भुंगेऱ्यांना पाचपैकी पाच, पाठवणाऱ्यांना तीन, अळीचा फोटो छापायला लागले की चार करेन.