वारस नोंद करून आलो: सज्जा चार स्टार, तहसील दोन, कोतवाल पाचपैकी पाच

वडील गेल्यावर सातबारावर वारसांची नावं लावायची होती, ते काम एकदाचं मागच्या आठवड्यात झालं. गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहीत नाही कारण अजून एक फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) तिथंच पेंडिंग आहे 😄

वारस तीन महिन्यांच्या आत कळवायचे असतात, आम्ही दोन महिन्यांत ई-हक्क या सरकारी पोर्टलवर अर्ज टाकला. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळं अपलोड. इथपर्यंत घरबसल्या, तक्रार नाही. खरी मजा पुढं सज्ज्यात.

सज्जा म्हणजे तलाठ्याचं ऑफिस, ग्रामपंचायतीच्या शेजारची एक खोली. दारावर नवीन रंगवलेला बोर्ड, ग्राम महसूल अधिकारी कार्यालय. रंग पातळ लावलाय त्यामुळं खालचं 'तलाठी' अजून दिसतं, त्यातला ठी तर अगदी स्पष्ट. सोबत पुण्याचा भाचा होता, त्यानं बोर्ड वाचून आत विचारलं, ग्राम महसूल अधिकारी कुठं भेटतील? चार माणसं बसली होती, एकानं मान वर केली नाही. मी म्हणलं भाऊसाहेब आहेत का, तर तिघं एकदम म्हणाले, मिटिंगला गेलेत, येतील बारापर्यंत.

तर नवीन जाणाऱ्यांनी हे आधी शिकून घ्या. तलाठ्याला तोंडावर तलाठी म्हणायचं नसतं, भांडायला आल्यासारखं वाटतं. मागं मात्र 'तलाठी आलाच नाही', अगदी अरेतुरे, आणि तोच दारात दिसला की 'या भाऊसाहेब'. आमच्याकडं तलाठी भाऊसाहेब, सर्कल (तलाठ्याच्या वरचा मंडळ अधिकारी) आण्णासाहेब आणि तहसीलदाराला जुनी माणसं रावसाहेब म्हणतात. पण हे तालुक्यागणिक बदलतं, माझ्या सासुरवाडीकडं भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक आणि तलाठी म्हणजे तात्या, त्यामुळं तिथं मी एकदा चुकीच्या माणसापुढं अर्धा तास सातबारा घेऊन बसलो होतो. (आता ग्रामसेवकाचंही ग्रामपंचायत अधिकारी झालंय, ते वेगळंच.)

आणि आमचे भाऊसाहेब निघाल्या मॅडम. पंचविशीच्या, परीक्षा देऊन आलेल्या. माझ्या पुढच्या म्हाताऱ्या बाबांनी सवयीनं 'भाऊसाहेब, जरा आमचं बघा की' म्हणलं आणि जीभ चावली. मॅडमनी स्क्रीनवरनं नजर न काढता म्हणलं, बोला बाबा. इथंच माझे चार स्टार पक्के झाले. पाचवा कापला कारण दोनच दिवस बसतात, पण त्यांच्याकडं चार गावं आहेत, त्या तरी काय करणार.

फेरफार धरला की 15 दिवसांची हरकतीची नोटीस निघते, ती घेऊन घरी आला कोतवाल, भर उन्हात मोटारसायकलवर. या शब्दाची गंमत बघा, पेशवाईत पुण्याचा कोतवाल म्हणजे शहराच्या पोलिसांचा मुख्य माणूस, आणि गावचा कोतवाल म्हणजे दवंडी देणारा, नोटिसा वाटणारा, साहेबांची जीप आली की पळणारा. आता त्याचं महसूल सेवक केलंय. मी मुद्दाम विचारलं काय म्हणू तुम्हाला, तर म्हणाला कोतवालच म्हणा, सेवक म्हणलं की मला कळतच नाही कुणाला हाक मारली. चहा घेतला, तिन्ही वारसांच्या सह्या एका फेरीत घेतल्या. पाच स्टार, हात आखडता नाही.

पदांची नावं बदलण्यात नवीन काही नाही म्हणा. शिवाजी महाराजांनी 1674 च्या राज्याभिषेकावेळी फारसी पदनामं बदलली, पेशव्याचा पंतप्रधान केला, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत. तरी पुढं लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले आणि आज मुजुमदार आडनावाची माणसं शोधा, ढीगभर मिळतील.

आता तहसील. आण्णासाहेबांनी नोंद मंजूर केली पण वडिलांच्या नावात दत्तात्रयचं दत्तात्रेय झालं, म्हणून जमीन महसूल कायद्याच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज, तो तहसीलदारांकडं. चार चकरा. प्रत्येक वेळी 'साहेब जागेवर नाहीत'. हे वाक्य नीट ऐकायचं असतं. 'जागेवर नाहीत' म्हणजे बिल्डिंगमध्ये आहेत, थांबा. 'फिरतीवर आहेत' म्हणजे आज विसरा. 'व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) आहेत' म्हणजे जेवून या. पहिल्या दोन चकरा मला हा फरक न कळल्यामुळं फुकट गेल्या, तिसऱ्यांदा शिपायानं समजावलं. फाईल होती ज्या टेबलावर, तिथल्या पाटीवर सहायक महसूल अधिकारी, सगळे म्हणतात अव्वल कारकून. मला अव्वल कारकून ऐकायला भारी वाटतं, पहिल्या नंबरचा कारकून. नुसत्या कारकुनाचं मात्र वाईट झालं, कारकुंडा म्हणून शिवीच झाली, आणि कारभारी बघा कसा मानाचा राहिला, बायका नवऱ्याला म्हणतात. बाबू आमच्या कचेरीत कोणी म्हणत नाही, तो पेपरातच.

बाकावर बसून बसून अजून एक सुचलं. तहसील म्हणजे वसुली, म्हणजे तहसीलदार हा वसुली करणारा, आणि इंग्रजीत कलेक्टर म्हणजे तरी काय, तेच. एकच शब्द दोन भाषांत, एक तालुक्याला बसवला एक जिल्ह्याला. जिल्हाधिकारी म्हणलं की त्यातली वसुली गायब, नुसता अधिकार उरला. आणि नायब तहसीलदारातला नायब हा नवाबाचा सख्खा भाऊ, मूळ शब्द एकच, पण आमच्या नायब साहेबांच्या खुर्चीचा एक हात तुटलेला होता, सुतळीनं बांधलेला.

पैसे कुणी मागितले नाहीत हे लिहितो, नाहीतर कमेंटमध्ये तेच विचाराल. दोन स्टार चकरांमुळं.

दत्तात्रय झालं शेवटी. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मोबाईलवर काढला, आईला दाखवला, तिनं आधी वडिलांच्याच नावाखाली बोट फिरवलं.

जाणार असाल तर सोमवार नाहीतर गुरुवार, अकराच्या आत. आधारच्या दोन झेरॉक्स जास्त न्या, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं दुपारी लाईट नसते.