बोटीवर डिझेलचा फ्लो मीटर: आठ महिने वापरल्यावर

मासेमारीच्या बोटीवर फ्लो मीटर, म्हणजे इंजिन किती डिझेल जाळतंय ते मोजणारं यंत्र, बसवून आठ महिने झाले. फेरीच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा डिझेलचा, आणि तो वजा करून जे उरतं त्यातूनच खलाशांचा वाटा निघतो. तरी इतकी वर्षं आमचा हिशेब काय होता? निघताना टाकी भरायची, परत आलो की पुन्हा भरायची. मधल्या वाटेत डिझेल कुठे आणि कसं जळलं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

आधी बसवण्याबद्दल, कारण माझे पहिले दोन महिने त्यातच गेले. डिझेल इंजिन पंपाने ओढलेलं सगळं तेल जाळत नाही, बरंचसं रिटर्न लाइनने टाकीत परत जातं. म्हणून सेन्सर दोन लागतात, एक जाणाऱ्या लाइनवर आणि एक परतणाऱ्या. खप म्हणजे दोघांची वजाबाकी. आमच्या बसवणाऱ्याने एकच सेन्सर लावला आणि "एवढ्यावर भागेल" म्हणाला. आकडे बघून मला धडकीच भरली! दुसरा सेन्सर आल्यावर कुठे खरं चित्र दिसलं.

दोन सेन्सर लावले तरी वजाबाकीत गोम आहे. समजा तासाला ९० लिटर जातंय आणि ७९ परत येतंय, म्हणजे खप ११. दोन्ही सेन्सर एकेक टक्का उलट दिशांना चुकले तर उत्तर सुमारे १.७ लिटरने चुकतं, म्हणजे १५ टक्के. त्यात परतणारं तेल गरम असतं. डिझेल १२ अंशांनी तापलं की साधारण १ टक्का फुगतं, त्यामुळे खप आहे त्यापेक्षा कमी दिसतो. तेव्हा तापमानाची दुरुस्ती करणाराच मीटर घ्या. आणि कॅलिब्रेशन एका फेरीवर करू नका. मी चार फेऱ्या टाकी शांत पाण्यात, बोट सरळ असताना, एकाच खुणेपर्यंत भरली आणि त्या एकूण लिटरशी मीटर जुळवला. तेव्हापासून फेरीअखेरीस फरक १ ते २ टक्क्यांच्या आत असतो. इंजिन नुसतं न्यूट्रलमध्ये असताना मात्र आकडा अजूनही डळमळतो, त्यावर मी विसंबत नाही.

आता फायद्याचं. मीटरला जीपीएस जोडला की पडद्यावर तासाला किती लिटर हे दिसतंच, शिवाय सागरी मैलाला किती लिटर हेही दिसतं. माझ्या मते अख्ख्या यंत्राचं मोल या दुसऱ्या आकड्यात आहे. आमच्या बोटीची पाण्याच्या रेषेवरची लांबी ३६ फूट. त्याचं वर्गमूळ ६, त्याला १.३४ ने गुणलं की ८ नॉट, म्हणजे तासाला ८ सागरी मैल. पाणी कापत जाणारी जड बोट या वेगाजवळ आली की स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते, आणि तिथून पुढे डिझेल नुसतं ओतलं जातं. आम्ही नेमके तिथेच पळवत होतो. ८ नॉटला तासाला १८ लिटर, म्हणजे मैलाला सव्वादोन. ७ नॉटला तासाला ११, म्हणजे मैलाला १.६ च्या आत. ३० मैलांच्या वाटेवर एका बाजूला २० लिटर वाचतात आणि उशीर होतो अर्ध्या तासाचा. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, आधी मानायला तयार नव्हता. त्याला आकडा दाखवला आणि थ्रॉटल त्याच्याच हाती ठेवला. आता वादळाची चाहूल लागली किंवा माल लवकर पोचवायचा असला, तरच तो ८ ला जातो. तो त्याचा निर्णय, आणि मला तो पटतो.

एक सवय मात्र लावून घ्या. प्रवाह सोबत असला की मैलाचा आकडा उगीच सुंदर दिसतो, समोर असला की भयंकर. तुलना करायची तर तोच पट्टा, तेच आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), जाऊन-येऊन, आणि दोन्हींची सरासरी. असं दर पंधरवड्याला मोजताना चौथ्या महिन्यात दिसलं की ७ नॉटचा आकडा १.६ वरून १.८५ वर सरकलाय. इंजिनाचा आवाज तोच, धूर तोच. बोट वर ओढली तर तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर, बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा. खरवडून, रंग देऊन उतरवली आणि आकडा पुन्हा जागेवर आला. पूर्वी आम्ही तळ साफ करायचो तो कामातून सवड मिळाली की. आता मीटर बघून ठरवतो.

साफ तळावर पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन १,८०० ऐवजी १,७०० आरपीएमच्या वर जाईना. म्हणजे पंख्याचा पिच (पात्यांचा तिरपेपणा) इंजिनाला जड होता, ते कायम ओझ्याखाली चालत होतं. कारखान्यात पिच थोडा कमी करून घेतला. आता १,८०० गाठतं आणि काळा धूरही थांबला.

तक्रारी दोन. हादऱ्यांनी रिटर्न सेन्सरचा कनेक्टर दोनदा सैल झाला, वायर नीट बांधावी लागली. आणि सेन्सरच्या आधी चांगला फिल्टर नसेल तर बारीक कचऱ्याने आतलं चाक अडकतं, आमचं एकदा अडकलं.

तुमचं इंजिन नवं, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं असेल, तर खरेदीआधी त्याचा पडदा तपासा. बरीचशी इंजिनं खपाचा आकडा स्वतःच देतात, तो फक्त जीपीएसला जोडायचा राहतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावर मात्र मी हा मीटर पुन्हा घेईन, दोन्ही सेन्सर पहिल्याच दिवशी लावून.