जुन्या बोटीच्या तारांना स्टॅलॉक टर्मिनल लावले, दोन सीझननंतरचा अनुभव

माझी शिडाची बोट बरीच जुनी आहे. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांच्या टोकांना मशीनने दाबून बसवलेले स्वेज (तार आत पकडणारे धातूचे नळीसारखे तुकडे) होते आणि लांबून सगळं चकाचक दिसायचं. एकदा भिंग घेऊन नीट बघितलं तर खालच्या दोन स्वेजवर केसाएवढी उभी भेग! वरचे सगळे चांगले. कारण सरळ आहे, पाणी तारेवरून ओघळत खाली येतं आणि खालचा स्वेज म्हणजे तोंड वर केलेला पेलाच, खारं पाणी आत साचतं, हवा पोचत नाही आणि मग स्टेनलेससुद्धा आतून गंजतं.

म्हणून तारा बदलताना वरची टोकं स्वेजचीच ठेवली आणि खाली स्टॅलॉकचे मेकॅनिकल टर्मिनल, म्हणजे हाताने जोडायचे टोकाचे तुकडे, घेतले. मशीन लागत नाही, हॅकसॉ, व्हाइस आणि दोन पाने एवढ्यात काम होतं, आणि तार बोटीवरच मापून कापता येते हा मोठा फायदा. 1×19 म्हणजे 19 बारीक तारा पिळून केलेल्या तारेत बाहेर 12 आणि गाभ्यात 7 तारा असतात, बाहेरच्या उलगडायच्या, गाभ्यावर छोटा कोन सरकवायचा, 12 तारा त्याच पिळाने परत बसवायच्या आणि वरून बॉडी (बाहेरचं कवच) फिरवून आवळायची. ताण जितका वाढेल तितकी पकड घट्ट होते. पहिल्यांदा कोरडंच जोडा, उघडून बघा की तारा सारख्या अंतरावर आत वळल्यात का, कोनाच्या चिरेत एखादी पडली असेल तर परत करा, घाई अजिबात नको. मग आत सीलंट भरून, आट्यांना लॉकिंग लिक्विड लावून बंद करायचं, तारेच्या बाजूने सीलंट बाहेर आलं म्हणजे आत पोकळी राहिली नाही. पहिल्या टर्मिनलला मला तासभर लागला, नंतर हात बसला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माप. जुन्या बोटींवर बरंच काही इंचात असतं. पाव इंच म्हणजे 6.35 मिमी, 6 नाही! मी आधी 6 चा कोन मागवला होता, तो नीट बसेना, तेव्हा कॅलिपरने तार मोजली. टर्मिनल बोटीला अडकवणाऱ्या पिनचंही तेच, अर्ध्या इंचाच्या म्हणजे 12.7 मिमीच्या भोकात 12 ची पिन आरामात जाते म्हणून लोक तशीच लावतात, पण मग सगळा ताण एका बारीक रेघेवर येतो आणि भोक हळूहळू लांबट होतं. असं करू नका, प्लीज.

जोडीला बंद नळीवाले टर्नबकल (तारेचा ताण कमी-जास्त करायचे स्क्रू) काढून उघड्या बॉडीचे ब्रॉन्झचे लावले, आटे किती आत आहेत ते दिसतं आणि स्टेनलेसवर स्टेनलेस जाम होतं तो त्रास गेला. खाली टॉगल (सगळीकडे वळणारा छोटा सांधा) मात्र हवाच, नाहीतर तार हलली की स्टड (आट्यांचा दांडा) वाकतो.

तक्रार म्हणाल तर हे टर्मिनल वेळ खातात, आणि वापरात असलेला उघडून परत जोडायचा तर कोन नवा लागतो, तेव्हा दोन-चार जास्तीचे घेऊन ठेवा. यंदा तपासायला एक उघडला, आत सीलंट जसंच्या तसं, पाण्याचा थेंब नाही, गंजाचा डाग नाही. नवा कोन घालून परत बंद केला.