"काका, अंगठा उमटला नाही, परत लावा"

हे घडलं आमच्या आप्पांच्या बाबतीत, कुडाळ तालुक्यात. लिहायला त्यांची हरकत नाही, फक्त नाव-गाव नको म्हणाले.

काजूचा हंगाम होता. बाजाराच्या नाक्यावर एका मोबाईल कंपनीची छत्री लागली होती. सिम फुकट, वर महिनाभराचा डेटा. आप्पांच्या जुन्या कार्डाला घरात रेंज नाही, म्हणून ते थांबले. पोराने आधार नंबर घेतला, मशीनवर अंगठा लावून घेतला आणि म्हणाला, "काका, उमटला नाही, परत लावा." आप्पांना त्यात वावगं वाटलं नाही. काजूच्या चिकाने बोटांची सालं गेलेली, रेशन दुकानातही त्यांचा अंगठा पहिल्या झटक्यात कधी लागत नाही. हंगामात आमच्याकडे कुणाचाच लागत नाही, आणि ते त्या पोराला पक्कं ठाऊक असणार. पहिला अंगठा व्यवस्थित लागला होता. एका अंगठ्यावर एक सिम, दुसऱ्यावर दुसरं. एक आप्पांच्या हातात आलं, दुसरं छत्रीबरोबर गेलं.

पावसाळ्यात परराज्यातल्या पोलिसांचा फोन आला. पोलीस म्हणून कुणी फोनवर दरडावलं तर कट करा, असं आम्हीच शिकवलेलं. आप्पांनी इमानाने कट केला. काकी म्हणाली, "फोन कट केल्यानी, आता घराक येतले." आलेच, आपल्या ठाण्याचे हवालदार. त्या दुसऱ्या सिमवरून कुणाला तरी लुबाडलं होतं आणि सिम आप्पांच्या नावावर. जबाब झाले, फेऱ्या झाल्या. आप्पांचा रुपयाही गेला नाही, पण वाडीत कुजबुज झाली ती त्यांना जास्त लागली.

उपयोगी पडली ती आधारच्या ॲपमधली ऑथेंटिकेशन हिस्टरी. मागच्या 6 महिन्यांत तुमचं आधार कधी वापरलं गेलं ते तिथे दिसतं. त्या दिवशीच्या दोन नोंदी, मध्ये जेमतेम काही मिनिटं. हवालदारांनी तेच जबाबाला जोडलं. 6 महिने उलटले असते तर हे हाताशी नसतं, तेव्हा शंका आली की लगेच बघा.

आपल्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' साइटवर ओटीपी टाकून कळतं; अनोळखी नंबर तिथूनच 'माझा नाही' म्हणून कळवता येतो. एकाच्या नावावर 9 सिम चालतात, त्यामुळे जादा सिम निघालं तरी कुठे अडत नाही. पैसेच गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

याच अंगठ्यावर बँकेतून पैसेही निघतात, म्हणून आप्पांचं आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याने होणारी ओळख, आम्ही लॉक केलं. त्याचा एक ताप आहे: रेशनला जाताना ते उघडावं लागतं आणि 10 मिनिटांत पुन्हा बंद होतं. दुकानात रेंज नाही. आप्पा वरच्या चढावर थांबून उघडतात आणि तडक रांगेत पुढे घुसतात. मागची माणसं कुरकुरतात, कुरकुरू देत.