बालोसचे फोटो गाडीवाल्याला दाखवू नका

ग्रीसच्या क्रीट बेटावर जाऊन भाड्याची गाडी घेणार असाल, तर आमचे साडेतीनशे युरो कसे गेले ते आधी वाचा.

आम्ही म्युनिकला राहतो. सप्टेंबरात आई-बाबा साताऱ्याहून आले होते, म्हणून सहा दिवसांसाठी वामोस गावाबाहेर, ऑलिव्हच्या झाडांत एक व्हिला घेतला. तिथे गाडीशिवाय पान हलत नाही. व्हिला सांभाळणाऱ्या बाईंनी एका गाडीवाल्याचा नंबर दिला. माणूस गोड. ‘फुल इन्शुरन्स’ म्हणाला, सही घेतली, किल्ली हातात ठेवली. नवऱ्याने गाडीभोवती फिरून चार फोटो काढले. वाकून गाडीच्या पोटाखाली बघायचं कोणाच्या डोक्यात येतं?

फिरलो मात्र मनसोक्त. आप्तेराच्या प्राचीन नगरात रोमन काळातली पाण्याची टाकी आहेत; बाहेर ऊन रणरणत असताना त्या कमानींखाली गेलं की अंगावर शहारा येतो. कुर्नास हे बेटावरचं एकमेव नैसर्गिक गोड्या पाण्याचं तळं. तिथे आई पाय बुडवून बसली ती थेट बदकांनी उठवेपर्यंत.

पाचव्या दिवशी बालोसचा समुद्रकिनारा. तिकडे जायच्या दोन वाटा. एक कालिव्हियानीपासून साधारण आठ किलोमीटरचा दगडधोंड्यांचा कच्चा रस्ता, दुसरी किसामोसहून बोट. कच्च्या रस्त्यावर गाडी नेऊ नये, हे करारातलं वाक्य मी वाचलेलं होतं. शिवाय बोट ग्रामवुसा बेटावर थांबते आणि तिथे व्हेनिशियनांचा किल्ला आहे म्हटल्यावर बाबांनी दुसरा पर्याय ऐकूनच घेतला नाही. 137 मीटर चढून वर गेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस किल्लेदाराने लाच खाऊन हा किल्ला तुर्कांना दिला, हे कळल्यावर म्हणाले, “म्हणजे फितुरी इथेही होतीच!”

त्या संध्याकाळी गाडीवाला व्हिलावर आला. पाण्याच्या जुन्या प्लॅस्टिक बाटलीत घरची राकी, म्हणजे तिथली कडक दारू, आणि द्राक्षांचा घड. यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं, क्रीटमध्ये पाहुण्याला राकी देतातच. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा ओठ लावले आणि ठसकले. मग तो खुर्ची ओढून बसला. कुठे कुठे गेलात? बाबांनी उत्साहाने फोन पुढे केला. निळंशार पाणी, पांढरी वाळू. “आ, बालोस!” तो म्हणाला आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी हानियाच्या विमानतळावर, पार्किंगमध्ये, गाडीवाला खाकी पुठ्ठा अंथरून गाडीखाली सरकला. बाहेर आला तेव्हा चेहरा पार बदललेला. सायलेन्सरजवळचा पत्रा चेपलाय. टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग ‘फुल इन्शुरन्स’मध्ये येत नाही. आणि काल तुम्हीच सांगितलंत, बालोसला गेला होतात. कार्डावर नऊशे, रोख चारशे.

नवरा गुडघ्यांवर बसून खाली बघून आला. “अहो, ओरखड्यात गंज चढलाय. सहा दिवसांत?” बोटीने गेलो होतो म्हटलं, तर तो म्हणाला, तिकीट दाखवा. तिकिटं सकाळीच व्हिलाच्या कचऱ्याच्या डब्यात गेली होती. विमानाला पावणेदोन तास, आई सामानापाशी घाबरून उभी. साडेतीनशेवर तुटलं. पावती मागितली तर म्हणे, मग 24 टक्के व्हॅट वर लागेल.

इथे आम्ही खरे मूर्ख ठरलो. ग्रीसमध्ये पावती मिळाली नाही तर पैसे द्यायचं बंधन गिऱ्हाइकावर नाही. टॅव्हर्नांच्या, म्हणजे तिथल्या खानावळींच्या, मेनूवर हे छापलेलंच असतं, सहा दिवस मुसाका मागवताना डोळ्यांसमोर होतं. पर्यटक पोलिसांचा 1571 नंबरही फोनमध्ये होता. तो नुसता फिरवायला काढला असता तरी गडी नरमला असता, असं आता वाटतं. कार्डाने दिले असते तर बँकेकडे तक्रार तरी करता आली असती. रोख गेले ते गेलेच. तुम्ही गाडी घेताना फोनचा टॉर्च लावून खालचा, चारी रिमांचा, काचेचा व्हिडिओ काढा, आणि तो काढताना मालकाला फ्रेममध्ये उभं करा. विम्यात काय येत नाही ते त्याच्याकडून लिहून घ्या. बोटीची तिकिटं घरी पोचेपर्यंत जपा.

विमान उडाल्यावर बाबा फोटो बघत बसले होते. “हा बुरूज बघ गं, काय बांधलाय!” मी बघितला, आणि माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. ग्रामवुसा हे बेट आहे. त्या बुरुजावर जायला बोटीशिवाय वाटच नाही. पुरावा बाबांच्या खिशात होता, वेळेसकट, आदल्या संध्याकाळी त्या माणसाने पाहिलेल्याच फोनमध्ये.

म्युनिकला उतरल्या उतरल्या तो फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या टिका लगेच आल्या.